खांद्यावरची काळी मांजर

नागपूरच्या धंतोलीतले जुने बंगले एकेक करून पाडले जात आहेत. वकिलांची, डॉक्टरांची, सरकारी अधिकाऱ्यांची ही वस्ती आता इस्पितळांची आणि सदनिकांची झाली आहे. घर बिल्डरच्या ताब्यात देण्याआधी माळे रिकामे करावे लागतात, लोखंडी ट्रंका खाली येतात, आणि कितीतरी घरांत काळ्या जाड पानांचा एखादा अल्बम निघतो. मुंजी-लग्नांच्या फोटोंमध्येच कुठेतरी खाकी कपड्यांतला एक तरुण असतो. तो कोण, हे सांगणारं माणूस अजून घरात असतं. पण तो कुठल्या पलटणीत होता असं विचारलं, की बहुतेक ठिकाणी एकच वाक्य ऐकू येतं : "आजोबा बर्मा फ्रंटला होते."

आमच्या घरातही तेवढंच वाक्य शिल्लक होतं. आजोबा नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून लायसेन्शिएट होऊन बाहेर पडलेले डॉक्टर. लढाईला गेले, परत आले, दवाखाना चालवला, आणि त्या वर्षांबद्दल कधी फारसं बोलले नाहीत. मागे राहिले ते फोटो. त्यांतल्या दोन फोटोंनी मला त्या एका वाक्याच्या आत शिरायला वाट दिली. पहिला कामठीच्या छावणीतला, १९४२ चा. मागे शिसपेन्सिलीने गाव आणि साल लिहिलेलं आहे. दुसऱ्यावर काहीच लिहिलेलं नाही. तंबूपुढे उभी असलेली काही माणसं, एका दंडावर रेड क्रॉसची पट्टी, आणि आजोबांच्या खांद्याखाली, बाहीवर, एक चौकोनी बिल्ला. त्यावर मांजराची आकृती.

असे फोटो वाचायचे तर आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. त्या काळच्या भारतीय सैन्यात माणसाच्या अंगावर दोन वेगळ्या ओळखी असत. टोपीवरचा बिल्ला रेजिमेंटचा किंवा कोअरचा. मराठा लाइट इन्फंट्रीचा बिगुल, महार रेजिमेंटचा स्तंभ, ही ओळख भरतीबरोबर येई आणि सहसा शेवटपर्यंत टिके. बाहीवरचा कापडी बिल्ला मात्र डिव्हिजनचा. डिव्हिजन म्हणजे पंधरा हजारांच्या आसपास माणसांची फौज. तिच्यात गुरखे, पंजाबी, डोगरा, मराठे, ब्रिटिश, तोफखाना, सॅपर, डॉक्टर, खानसामे, सगळे एकत्र असत. माणूस एका डिव्हिजनमधून दुसरीत गेला की बाहीवरचा बिल्ला बदले. म्हणून टोपी सांगते तो कुठून आला, आणि बाही सांगते तो कुठे गेला. नागपूरच्या घरांना ज्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं, ते बहुधा बाहीवर असतं.

डिव्हिजनला चिन्ह द्यायचं कारण गुप्तता. गाडीवर किंवा बाहीवर आकडा लिहिला तर हेराला काम सोपं होतं. चित्र काढलं तर आपल्या माणसाला ओळख पटते आणि परक्याला लगेच अर्थबोध होत नाही. चौथ्या भारतीय डिव्हिजनचा काळ्यावर लाल गरुड, पाचव्या डिव्हिजनचा काळ्यावर लाल गोळा, सातवीचा सोनेरी बाण, आठवीची क्लोव्हरची फुलं, एकोणिसावीचा खंजीर, विसावीचा तलवार धरलेला हात, तेविसावीचा झुंजीचा कोंबडा, पंचविसावीचा इस्पिक एक्का, सव्विसावीचा त्रिकोणातून बाहेर पडणारा वाघ. आणि सतरावीची काळी मांजर.

यात एक अडचण अशी की अल्बममधले फोटो रंगीत नाहीत. त्या काळी हौशी लोकांच्या कॅमेऱ्यात सर्रास असे तो कोडॅकचा व्हेरिक्रोम रोल. ही फिल्म लाल रंगाला आंधळी होती. १९५६ मध्ये तिची जागा व्हेरिक्रोम पॅनने घेतली तेव्हा हा दोष गेला. अशा फिल्मवर लाल वस्तू काळी उमटते. म्हणजे काळ्यावर लाल गरुड असलेला बिल्ला फोटोत नुसता काळा चौकोन दिसतो, आणि काळ्यावर लाल गोळाही तसाच. बाहीवर काहीच नाही, नुसती काळी ठिगळं आहेत, असं म्हणून जे फोटो बाजूला ठेवले जातात, त्यांतले काही आफ्रिकेत केरेनला आणि पश्चिमेच्या वाळवंटात लढलेल्या माणसांचे असू शकतात. आजोबांच्या फोटोत हा पेच नव्हता. सतराव्या डिव्हिजनची मांजर पिवळसर कापडावर काळी होती, त्यामुळे ती स्पष्ट उमटली आहे. रेड क्रॉसही तसाच, पांढऱ्या पट्टीवर काळाभोर.

आता कामठीच्या फोटोकडे यायला हवं, कारण क्रमाने तो आधीचा आहे.

युद्ध सुरू झालं तेव्हा भारतीय सैन्य दोन लाखांच्या घरात होतं. १९४५ च्या ऑगस्टमध्ये ते पंचवीस लाखांवर गेलं. इतकी माणसं जुन्या भरतीच्या पद्धतीने मिळणं शक्यच नव्हतं. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढवय्या जाती'ची एक यादी मनाशी पक्की केली होती, आणि तिच्यात न बसणाऱ्यांना दारं बंद केली होती. महार शिपाई कंपनीच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या होते. त्यांची भरती १८९० नंतरच्या काही वर्षांत थांबवली गेली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. दुसऱ्या महायुद्धाने हे दार पुन्हा उघडलं, पण ते आपोआप उघडलं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यासाठी सतत पाठपुरावा केला. जुलै १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर आले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये उभी राहिली, ती आमच्या कामठीला.

कामठीच्या त्या फोटोत आजोबांच्या शेजारी एक हवालदार आहे. त्याच्या टोपीवरचा बिल्ला भिंगाखाली धरला की उभा स्तंभ दिसतो. हा कोरेगावचा स्तंभ, भीमेकाठचा, १ जानेवारी १८१८ च्या लढाईचं स्मारक. महार रेजिमेंटने सुरुवातीला तो बिल्ल्यावर घेतला. १९४६ मध्ये रेजिमेंट मशिनगन चालवणारी झाली, तेव्हा स्तंभावर दोन व्हिकर्स मशिनगनची फुली आली. स्वातंत्र्यानंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला. त्यामुळे नुसता स्तंभ असलेला बिल्ला दिसला की फोटो १९४१ ते १९४६ मधला, हे खात्रीने सांगता येतं. ज्या घरांत असा फोटो आहे, त्यांनी तो जपून ठेवावा. ही पाचच वर्षांची खूण आहे आणि तिच्यामागे पन्नास वर्षांची झुंज आहे.

आजोबांच्या खांद्यावर त्या फोटोत एकच फूल आहे. सेकंड लेफ्टनंटला एक फूल आणि जमादारालाही एक, त्यामुळे इथे गल्लत होते. डॉक्टरच्या बाबतीत मात्र गल्लत सोडवता येते. पदवीधर डॉक्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये थेट लेफ्टनंट म्हणून लागे, म्हणजे दोन फुलं. पदविकाधारक लायसेन्शिएट लागे इंडियन मेडिकल डिपार्टमेंटमध्ये सब-असिस्टंट सर्जन म्हणून, आणि त्याचा हुद्दा जमादाराचा, पुढे सुभेदाराचा. तेच आजार, तीच शस्त्रं, तीच जोखीम, पण मेस वेगळी आणि पगार वेगळा. ३ एप्रिल १९४३ रोजी हे दोन्ही विभाग आणि इस्पितळातल्या मदतनिसांची कोअर एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर स्थापन झाली, आणि लायसेन्शिएट डॉक्टरांना अधिकारी होण्याची वाट मोकळी झाली. मांजर असलेल्या फोटोत आजोबांच्या खांद्यावर दोन फुलं आहेत. दोन फुलं सुभेदारालाही असत, तरी तो फोटो बहुधा १९४३ नंतरचा.

पण कामठीचा तो उन्हाळा आणि त्यापाठचा पावसाळा इतक्यावर सोडून पुढे जाता येत नाही. १९४२ च्या त्या दोन-अडीच महिन्यांत नागपूरच्या भोवती जे घडलं, त्याला तोड नाही. जूनमध्ये कामठीला महारांची बटालियन उभी राहते. १४ जुलैला वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणी इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव करते. त्यानंतर चारच दिवसांनी, १८ आणि १९ जुलैला, नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरते आणि तिच्यातून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन जन्माला येतं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईचा ठराव, नेत्यांची धरपकड, नागपुरात मोर्चे आणि गोळीबार. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टी पेटतात. एकाच मुलखात एक तरुण फौजेत नाव घालत होता, दुसरा तुरुंगात जात होता, आणि दोघांच्याही घरी पुढच्या महिन्याचा प्रश्न सारखाच होता. धंतोलीसारख्या वस्तीत हे दोघे अनेकदा एकाच घरचे असत. युद्धानंतर तुरुंगात गेलेल्या भावाची कहाणी सांगितली गेली, आणि वर्दीतल्या भावाची आत राहिली. आजोबांच्या गप्प राहण्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

याच महिन्यांत, काळ्या मांजरीची जी डिव्हिजन पुढे त्यांची होणार होती, ती इंफाळला पोचून स्वतःला सावरत होती. तिची गोष्टही महाराष्ट्रातच सुरू होते. सतरावी भारतीय डिव्हिजन १९४१ मध्ये अहमदनगरला उभी राहिली, ती मुळात मध्यपूर्वेच्या वाळवंटासाठी. डिसेंबरात जपान युद्धात उतरलं आणि सगळं उलटंपालटं झालं. तिच्या तीन ब्रिगेडपैकी दोन मलाया-सिंगापूरकडे पाठवल्या आणि तिथे गमावल्या. उरलेली एक ब्रिगेड आणि हाताला लागतील त्या दुसऱ्या पलटणी घेऊन मेजर जनरल स्मिथ ब्रह्मदेशात उतरले. जंगलात लढायचं शिक्षण कुणालाच नव्हतं.

२३ फेब्रुवारी १९४२ च्या पहाटे सितांग नदीवरचा पूल जपान्यांच्या हाती पडेल म्हणून उडवून दिला गेला, तेव्हा डिव्हिजनच्या दोन ब्रिगेड अजून पलीकडेच होत्या. माणसं पोहून, बांबूंच्या तराफ्यांवर, रिकाम्या डब्यांना धरून अलीकडे आली. कित्येकांनी बूट, बंदुका, कपडे नदीत सोडले. पुढे मोजणी झाली तेव्हा पायदळाची माणसं साडेतीन हजारांच्या आत भरली आणि रायफली चौदाशेच्या आसपास. ८ मार्चला रंगून गेलं. मग सुरू झाली ती दीड हजार किलोमीटरच्या घरातली माघार, मे महिन्यात पावसाच्या तोंडावर इंफाळला संपलेली. स्मिथ यांना काढून त्यांच्या जागी आलेले मेजर जनरल कोवन यांनी ही डिव्हिजन १९४५ पर्यंत सांभाळली. काळी मांजर तिच्या बाहीवर आली ती या माघारीनंतर. त्यामुळे मांजर असलेला कुठलाही फोटो सितांगचा असू शकत नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो; बऱ्याच घरांत तशी समजूत असते.

१९४३ साल गेलं पराभवाची कारणं शोधण्यात. आराकानच्या किनाऱ्यावर चौदाव्या भारतीय डिव्हिजनने चढाई केली होती. मे महिन्यापर्यंत ती निघालेल्या जागी परत आली. चौकशी झाली आणि निदान झालं की रंगरूट अर्धेकच्चे येतात, जंगल त्यांनी पाहिलेलं नसतं. ठरलं की नऊ महिने मूळ शिक्षण आणि त्यावर दोन महिने खास जंगलातलं. त्यासाठी दोन डिव्हिजन लढाईतून काढून शिक्षणाला लावल्या. एकोणचाळिसावी सहारनपूरला गेली. चौदावी आली छिंदवाड्याला.

आपल्याकडच्या फोटोंत हे छिंदवाडा फार महत्त्वाचं आहे आणि त्याची आठवण जवळजवळ पुसली गेली आहे. छिंदवाडा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं, नागपूरहून सव्वाशे किलोमीटरवर, सातपुड्याच्या सागवानी जंगलात. इतवारीहून नॅरोगेजची गाडी जाई. देशभरातल्या रेजिमेंटांचे रंगरूट या बाजूला येऊन रात्रीची गस्त, नदी ओलांडणं, गवतात लपून बसणं, वाट काढणं शिकले आणि तिथून पूर्वेकडे गेले. विदर्भातल्या अल्बममध्ये साग-बांबूच्या जंगलातले जवान दिसले की घरचे 'बर्मा' म्हणतात. पुष्कळदा ते जंगल सातपुड्याचं असतं. सागाची मोठी पानं दोन्हीकडे सारखीच, म्हणून झाडांवरून निवाडा करू नये. बाही कोरी आहे की बिल्ला आहे, बरोबर शस्त्र कोणतं आहे, मागे तंबू आहेत की बराकी, हे पाहावं.

दुसरं निदान डॉक्टरांच्या अखत्यारीतलं होतं. चौदाव्या सैन्याचे सेनापती स्लिम यांनी पुढे लिहिलं आहे की १९४३ मध्ये जखमी म्हणून मागे पाठवलेल्या प्रत्येक माणसामागे एकशेवीस माणसं आजारी म्हणून मागे जात होती. मलेरिया, हगवण, कातडीचे रोग, स्क्रब टायफस. मलेरियाचं प्रमाण वर्षाला शंभरात चौऱ्याऐंशी. फौज जपान्यांच्या आधी डासांनी हरवली होती. उपाय साधे होते पण सक्तीचे. रोज मेपॅक्रिनची गोळी, तिने कातडी पिवळी पडली तरी. संध्याकाळ झाली की बाह्या मनगटापर्यंत खाली. अर्ध्या चड्ड्या बंद, लांब पाटलोणी. पलटणीत गोळी घेतल्याची अचानक रक्ततपासणी व्हायची, आणि ज्या पलटणीत प्रमाण कमी निघे तिच्या कमांडिंग ऑफिसरला घरी जावं लागे. स्लिम यांनी तिघांना काढलं. मग बाकीचे सुधारले. उपचारही पुढे नेले. माणसाला शेकडो मैल मागे भारतात पाठवून महिनोन्‌महिने गमावण्यापेक्षा आघाडीमागेच मलेरियाची केंद्रं उभी केली, तीन आठवड्यांत माणूस परत रांगेत.

आजोबांच्या मांजरवाल्या फोटोत प्रत्येकाची बाही मनगटापर्यंत खाली आहे आणि एकाचाही गुडघा उघडा नाही. कामठीच्या फोटोत उलट आहे : सगळे अर्ध्या चड्डीत, बाह्या कोपरावर. या दोन फोटोंमधला फरक हा दोन ऋतूंचा किंवा दोन फॅशनींचा नाही. मधल्या वर्षांत एका फौजेने डासाशी कसं लढायचं ते शिकून घेतलं, आणि ते शिकवणारे माझ्या आजोबांसारखे, मध्यप्रांतातल्या मलेरियाच्या गावांत वाढलेले लायसेन्शिएट डॉक्टर होते. त्यांच्या नावाचं स्मारक कुठेच नाही. कपड्यांचा रंगही बदलला आहे. खाकी फिल्मवर फिकट उमटते. १९४३ नंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आलेला जंगल ग्रीन बराच गडद उमटतो. डोक्यावर एका बाजूने कड वळवलेली रुंद हॅट. एवढ्या खुणांनी १९४४ किंवा १९४५ इथवर पोचता आलं. आता प्रश्न उरला जागेचा.

मार्च १९४४ मध्ये जपान्यांनी इंफाळवर चढाई केली तेव्हा सतरावी डिव्हिजन सर्वांत पुढे, टिड्डीमच्या डोंगरांत होती. इंफाळपासून अडीचशेहून अधिक किलोमीटरवर. जपानी तेहतिसाव्या डिव्हिजनने मागचा रस्ता जागोजाग तोडला. १३ मार्चला माघारीचा हुकूम आला आणि तीन आठवडे ती डिव्हिजन आपल्या गाड्या, खेचरं आणि जखमी यांच्यासकट एकेक अडथळा फोडत मागे आली. सितांगला जखमींना सोडावं लागलं होतं; या खेपेला ते बरोबर आणले गेले. त्याच दिवसांत उत्तरेला सांगशाकच्या टेकडीवर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर २२ ते २६ मार्च पाण्यावाचून लढली. बाहीवर कोंबडा आणि टोपीवर बिगुल असलेला फोटो ज्यांच्या घरी असेल, त्यांनी सांगशाकचं नाव लक्षात ठेवावं. तिथे गेलेल्या दिवसांनी इंफाळ आणि कोहिमाला तयारीला वेळ मिळाला. २२ जूनला कोहिमा-इंफाळ रस्ता मोकळा झाला.

तरीही आमचा फोटो तिथला नाही. टिड्डीम आणि बिशनपूर म्हणजे चढ, धुकं, दाट रान. आमच्या फोटोत जमीन सपाट आणि भाजलेली आहे, मागे ताडाची तुरळक झाडं आहेत, आणि उजव्या कडेला, फोटो काढणाऱ्याने मुद्दाम घेतलं नसावं असं, एका विमानाचं शेपूट आहे. रुंद, गोलसर, उभं. ते डाकोटाचं.

सतराव्या डिव्हिजनने सपाट, कोरड्या, ताडाच्या मुलखात डाकोटा शेजारी घेऊन तंबू ठोकले ते मेइक्तिलाला. स्लिम यांनी इरावतीच्या वरच्या वळणावर मंडालेकडे चढाईचा देखावा केला, आणि तिकडे जपानी फौज गुंतली असताना सतरावी डिव्हिजन दोनशे पंचावन्नाव्या टँक ब्रिगेडच्या शर्मन रणगाड्यांसह खालच्या बाजूने नदी ओलांडून १९४५ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस मेइक्तिलावर जाऊन पडली. तिची एक ब्रिगेड विमानांनी उतरवली गेली. दाणागोटा, दारूगोळा, रस्ते, सगळं जपान्यांचं तिथून चालत होतं. मार्चच्या पहिल्या चार दिवसांत गाव घेतलं. मग जपानी उलटले, आणि महिनाअखेरपर्यंत घेरणारेच घेरले गेले. सगळी मदार विमानतळावर होती. एका टोकाला जपानी तोफा, दुसऱ्या टोकाला डाकोटा उतरताहेत, पेट्या ढकलताहेत, जखमी चढवताहेत, आणि दिवस उजाडला की पायदळ धावपट्टी पुन्हा साफ करतंय. मधले काही दिवस विमान उतरवणंच अशक्य झालं, तेव्हा छत्रीने सामान टाकलं गेलं आणि जखमी तिथेच सांभाळावे लागले. फील्ड अँब्युलन्सचा तंबू धावपट्टीजवळ असण्याला दुसरं कारण नव्हतं. त्या महिन्यात त्या डॉक्टरांनी जे केलं त्यामुळे किती माणसं आपल्या गावी परतली, याचा विचार मनात आला की आजोबांना कधीच नीट विचारलं नाही याची हळहळ वाटते.

मेइक्तिला पडल्यावर रंगूनचा रस्ता उघडला. सतरावी डिव्हिजन एप्रिलभर दक्षिणेकडे धावली, पेगूला पोचली, आणि मेच्या पहिल्या दिवसांत वेळेआधी आलेल्या पावसाने तिला अडवलं. ३ मे रोजी रंगूनमध्ये समुद्रावरून उतरलेली सव्विसावी डिव्हिजन, त्रिकोणातल्या वाघाची, शिरली. रंगूनचे फोटो म्हणून बाहीवर वाघ असलेले फोटो अधिक दिसतात ते यामुळे.

बाकीच्या आघाड्यांवरच्या मराठी जवानांची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. ओळख पटवण्यापुरतं थोडं सांगतो. बिगुल आणि क्लोव्हर एकत्र दिसले तर इटली, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन असण्याची शक्यता मोठी. सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव याच बटालियनचे. तिसऱ्या बटालियनचे यशवंत घाडगे वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी पडले आणि तोच सन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला. पहिली बटालियन युद्धानंतर जपानमध्ये ताबा फौजेत गेली. त्यामुळे एकाच अल्बममध्ये फ्लॉरेन्सचं देऊळ आणि किमोनो घातलेल्या बायका निघाल्या तर गोंधळून जायचं कारण नाही.

फोटो डिव्हिजनपर्यंत नेतो. त्यापुढे, नेमक्या युनिटपर्यंत जायला कागद लागतो, आणि तो कागद अजून मिळू शकतो. सर्वांत आधी पदकं पालथी करावीत. भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांवर बहुधा नंबर, हुद्दा, नाव आणि कोअर कोरलेली असते. घरी आलेल्या पत्रांवर गावाचं नाव नसतं, फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा असतो. तो आकडा आणि तारीख मिळून जागा सांगतात. जवानांची सेवापुस्तकं रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात : मराठ्यांची बेळगावला, महार रेजिमेंटची सागरला, वैद्यकीय कोअरची लखनौला. नंबर दिल्याशिवाय तिथे काही हलत नाही, म्हणून नंबर आधी. अधिकाऱ्यांची नावं त्या काळच्या गॅझेटात आणि आर्मी लिस्टमध्ये सापडतात. प्रत्येक युनिट लढाईच्या काळात रोजनिशी लिहीत असे. आग्नेय आशियातल्या युनिटांच्या रोजनिश्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ १७२ या मालिकेत आहेत. फील्ड अँब्युलन्सच्याही. किती जखमी आले, किती विमानाने गेले, पाणी कुठून आणलं, असं सगळं त्यांत तारीखवार असतं.

हे काम धंतोलीपुरतंही कुणी एकत्र बसून केलेलं नाही, आणि ते करायला हवं. विदर्भाची स्वतःची एक मोठी रेजिमेंट नव्हती. इथली माणसं महार रेजिमेंटमध्ये, पायोनियर कोअरमध्ये, सर्व्हिस कोअरच्या लॉऱ्यांवर, दारूगोळ्याच्या डेपोत, इस्पितळांत विखुरली. म्हणून त्यांचा एकसंध इतिहास कुठल्याच रेजिमेंटच्या ग्रंथात येत नाही. त्यात मेइक्तिलाच्या आसपास, पोपाच्या डोंगराकडे, आझाद हिंद सेनेच्या पलटणीही लढत होत्या; स्वातंत्र्यानंतर देशाने आपलं मन त्यांच्याकडे वळवलं, आणि ते योग्यच होतं. मात्र पंचवीस लाखांतली बहुसंख्य माणसं वर्षभरात घरी पाठवली गेली, आणि त्यांना काय म्हणावं हे कुणी ठरवलंच नाही. ते गावी आले, नोकरी शोधली, दवाखाने काढले. महार रेजिमेंट मात्र टिकली. १९२१ सारखी ती पुन्हा मोडली गेली नाही, आणि या युद्धाचा आपल्या मुलखासाठीचा सर्वांत टिकाऊ परिणाम मी तोच मानतो.

सतरावी डिव्हिजन युद्धानंतर मोडली गेली आणि १९६० मध्ये पुन्हा उभी राहिली, काळ्या मांजरीच्याच नावाने. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६१ मध्ये, मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखाली गोवा मुक्त करायला गेली ती हीच. त्यामुळे कोकणात, बेळगावात आणि गोव्यात मांजर असलेले दुसऱ्या पिढीचेही फोटो निघू शकतात. त्यांची पारख करताना मेजर ते ब्रिगेडियर हुद्द्याचा अधिकारी फोटोत असेल तर त्याचा खांदा बघावा. १९५० आधीच्या फोटोत तिथे मुकुट असतो, नंतरच्या फोटोत अशोकस्तंभाचे सिंह.